जुन्या दागिन्यांची पारख

जुना बाजार, लिलाव, घरगुती सामानाची विक्री किंवा भंगार यांत आलेल्या वापरलेल्या दागिन्यांचा धातू, रत्ने, घडण व काळ ओळखून त्यांचे मूल्य ठरविण्याच्या क्रियेस जुन्या दागिन्यांची पारख असे म्हणतात. ब्रिटनमध्ये मोकळ्या मैदानात मोटारींच्या डिकीतून जुन्या वस्तू विकण्याची, तर अमेरिकेत घराच्या अंगणात विक्री मांडण्याची प्रथा आहे. पुण्यातील जुना बाजार व मुंबईतील चोर बाजार ही महाराष्ट्रातील अशा बाजारांची परिचित उदाहरणे होत.

प्रसिद्ध उदाहरणे

१९८० च्या दशकात लंडनमधील अशा एका विक्रीत १० पौंडांना घेतलेली अंगठी खोट्या खड्याची समजून तिच्या मालकिणीने अनेक वर्षे रोज वापरली. तो खडा २६.२७ कॅरटचा हिरा निघाला आणि २०१७ मध्ये सदबीज या संस्थेच्या लिलावात अंगठी ६,५६,७५० पौंडांना विकली गेली. जुन्या पद्धतीने पैलू पाडलेले हिरे आधुनिक हिऱ्यांइतके लखलखत नाहीत. त्यातच कोंदण मळलेले असल्याने तो काचेचा वाटला होता.

रशियाच्या झारसाठी फाबर्जे या पेढीने १८८७ मध्ये घडविलेले सोन्याचे अंडे अमेरिकेतील एका भंगार व्यापाऱ्याने वितळविण्याच्या हेतूने विकत घेतले होते. सोन्याच्या भावात त्याला अपेक्षित किंमत न आल्यामुळेच ते वाचले. आतील घड्याळावरील ‘वाशरों कॉन्स्टँटिन’ या नावाचा शोध घेतल्यावर त्याची ओळख पटली आणि २०१४ मध्ये ते लंडनमध्ये प्रदर्शित झाले. केवळ वजनावर मूल्य ठरविल्यास कलाकृती कायमची नष्ट होऊ शकते, हे या घटनेवरून दिसते.

ठसे

पारखीची सुरुवात दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाने करतात. अंगठीची आतील बाजू, हाराची कडी व कर्णभूषणाची फिरकी येथे ठसे आढळतात. ९१६ म्हणजे २२ कॅरट, ७५० म्हणजे १८, ५८५ म्हणजे १४ व ३७५ म्हणजे ९ कॅरट सोने. ९२५ हा आकडा चांदीचा असतो. ब्रिटिश ठशांत बिबट्याचे मुख लंडनचे, तर नांगर बर्मिंगहॅमचे चिन्ह असते. ‘जी.एफ.’ ही अक्षरे सोन्याचा पत्रा चढविलेला, तर ‘ई.पी.एन.एस.’ ही चांदीचा मुलामा दिलेला हिणकस धातू दर्शवितात.

भारतात सराफांच्या विक्रीसाठी हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. आता ठशात सहा अक्षरांकांची ओळखसंख्या असते व ती भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर पडताळता येते. त्यापूर्वीच्या अस्सल दागिन्यांवर ठसा नसणे स्वाभाविक आहे; उलट ठसा खोटाही असू शकतो.

धातूची परीक्षा

सोने व चांदी चुंबकाला चिकटत नाहीत. मात्र तांबे-पितळही चिकटत नसल्याने ही परीक्षा अपुरी ठरते. सराफ कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासून उमटलेल्या रेघेवर तेजाब लावतात व रेघ कितपत टिकते यावरून कस ठरवितात. हवेतील वजनाला पाण्यात होणाऱ्या वजनातील घटीने भागल्यास सापेक्ष घनता मिळते. शुद्ध सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५, तर पितळेची सुमारे ८.५ असते. पोकळ किंवा आत लाख भरलेल्या दागिन्यांना ही पद्धत लागू पडत नाही. क्ष-किरण यंत्र दागिना न घासता कस दाखविते. परंतु ते पृष्ठभागाचाच थर तपासत असल्याने जाड मुलाम्याने फसू शकते.

रत्नांची परीक्षा

काचेच्या खड्यात भिंगातून बुडबुडे व झिजलेल्या कडा दिसतात. हिरा उष्णता वेगाने वाहून नेतो, यावर आधारित उपकरण मोइसनाइट या कृत्रिम खड्यालाही हिरा ठरविते. मात्र मोइसनाइटमधून पाहिल्यास मागील पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. मोती दातावर हलके घासल्यास खरा मोती किंचित खरखरीत, तर काचेचा गुळगुळीत लागतो. तो नैसर्गिक की संवर्धित, हे क्ष-किरण तपासणीवाचून खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे जुन्या नथीतील किंवा तन्मण्यातील मोती बसरा मोती आहेत, हे केवळ विक्रेत्याच्या सांगण्यावरून ग्राह्य धरता येत नाही.

जतन व कायदा

तपासणीपूर्वी दागिना आम्लाने किंवा चिंच-लिंबाने साफ करणे घातक असते. आम्लामुळे मोती विरघळतो, तर घासकामाने ठसे झिजतात. नव्याने दिलेल्या डाखामुळे किंवा बदललेल्या खड्यामुळे ऐतिहासिक मूल्य घटते. चोरीचा माल असल्याचे ठाऊक असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना तो घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ अन्वये गुन्हा आहे. म्हणून विक्रेत्याचे नाव, पत्ता व दागिन्याचे वर्णन असलेली पावती घेणे आवश्यक ठरते. पावती नाकारली जाणे आणि धातूच्या भावाहूनही फार कमी किंमत सांगितली जाणे, ही संशयाची कारणे मानली जातात.