पैठण गेट ते विद्यापीठ गेट

‘पैठण गेटला उतरा आणि सरळ गुलमंडीकडे चालत या,’ असा पत्ता छत्रपती संभाजीनगरात कुणी सांगतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे दगडी कमान नसते. कपड्यांची दुकानं असतात, हातगाड्या असतात, टिळक पथाच्या तोंडाशी सीट भरायची वाट बघणाऱ्या रिक्षा असतात. जाफर गेट म्हणजे रविवारचा बाजार, रोशन गेट म्हणजे अख्खी वस्ती. या शहराला बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. त्यातले कित्येक आता उभे नाहीत, पण जे आहेत त्यांच्या नावानेच इथली माणसं आपला ठावठिकाणा सांगतात.

गेट म्हणजे भिंतीतली वाट, असं आपण धरून चालतो. या गावात मात्र भिंतीच्या आधी गेट आलं. १६१० साली मलिक अंबरने खडकी गावी नवं शहर वसवलं आणि १६१२ मध्ये मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून भडकल दरवाजा बांधला. तट उभा राहायला अजून सत्तर वर्षं होती. म्हणजे हा दरवाजा कुणाला अडवायला बांधलेलाच नव्हता. तो बांधणारा माणूस कोण होता, हे इथे विसरून चालत नाही. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला, बाजारामागून बाजार बघत दख्खनेत आलेला आणि शेवटी निजामशाही आपल्या खांद्यावर पेलणारा. भडकलच्या कमानीखाली उभं राहून मान वर केली की त्या उंचीचा अर्थ लागतो. ज्याची किंमत इतरांनी ठरवली होती, त्याने स्वतःच्या शहरात हा दरवाजा उभा केला. शहरातला सगळ्यात मोलाचा दगड मला इथलाच वाटतो.

तट आला तो भीतीपोटी. १६८१ च्या सुरुवातीला संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूर लुटलं. त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगजेब दख्खनेत उतरला आणि पुढे मराठ्यांच्या धाकाने शहराभोवती सुमारे सहा मैलांचा कोट उभा राहिला. उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण, पश्चिमेला मक्का, असे चार मोठे दरवाजे ज्या दिशेची वाट त्या दिशेच्या नावाचे. मधूनमधून लहान दरवाजे आणि बुरूज. ज्यांच्या धास्तीने हा तट घातला, त्यांचंच नाव आज शहराला आहे. दरवाजांची नावं मात्र कुणी हलवली नाहीत. फक्त मक्का दरवाजाचं बोलता बोलता मकई गेट झालं.

पुढे तट जागोजाग पडला, पाडला गेला, आणि गेटं एकेकटी रस्त्यात उरली. खाम नदीवरच्या पुलाशी मकई गेटमध्ये समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकीला मागे सरावंच लागतं. हत्ती-घोड्यांच्या मापाच्या कमानीतून आपण आज ट्रक काढतो. पाणचक्कीजवळच्या महेमूद दरवाजाला वाहनांच्या धक्क्यांनी तडे गेले, शेवटी तो उतरवून पुन्हा बांधावा लागला. पर्यायी रस्ता आणि पूल वेळेवर झाले असते तर ही पाळी आली नसती. गेट अडचणीचं नाही, आपली आखणी तोकडी आहे.

याच शहरात गेल्या अर्धशतकात आणखी एका गेटला मोठेपण आलं, आणि त्यालाही कोट नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, पोचिराम कांबळेंसारखी माणसं मारली गेली. लाँग मार्च निघाले, तुरुंग भरले. साडेपंधरा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, नामविस्तार झाला. तेव्हापासून दर १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर जनसागर लोटतो.

त्या दिवशी तिथे जाऊन बघावं. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया पायातली चप्पल काढून गेटला हात लावतात, तोच हात कपाळाला लावतात. नातवंडांना पुढे उभं करून फोटो काढतात. दोन्ही बाजूंना पुस्तकांची दुकानं लागलेली असतात आणि शिकलेली मुलगी आईला विचारून पुस्तक निवडते. पुष्कळजण आधी भडकल गेटला थांबून तिथल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करतात आणि मग इकडे येतात. नांदेड-परभणीकडून रात्रीच्या गाडीने आलेल्या म्हाताऱ्यांमध्ये १९७८ साली स्वतःचं घर जळताना पाहिलेलीही माणसं असतात. नातवाला बोटाने गेटवरचं नाव दाखवून ती ते मोठ्याने वाचायला लावतात.