पर्जन्यमापकाची निर्मिती आणि भोर-वेल्हे परिसर : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस सह्याद्रीला लागून असलेले भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे तालुके अतिवृष्टीचे आहेत. भाटघर व नीरा देवघर धरणांचे पाणी नीरेच्या कालव्यांद्वारे बारामती, फलटणकडे जाते, तर पानशेतचे पाणी पुणे शहराची तहान भागवते. या पाण्याचे नियोजन पावसाच्या नोंदींवर अवलंबून असते. नोंदी जितक्या महत्त्वाच्या, तितकीच त्या घेणारी उपकरणेही महत्त्वाची ठरतात. प्रस्तुत लेखात या उपकरणांच्या पुण्यातील निर्मितीचा आढावा घेतला आहे.

उपकरणनिर्मितीची पार्श्वभूमी

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरची ती इमारत आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणून ओळखली जाते. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीस गेले; परंतु उपकरणांचा विभाग पुण्यातच राहिला. स्वातंत्र्यापूर्वी हवामानाची बहुतेक उपकरणे परदेशातून, मुख्यतः इंग्लंडमधून, मागवली जात. उपकरण बिघडल्यास सुट्या भागांसाठीही परदेशावर विसंबावे लागे.

अण्णा मणी यांचे कार्य

केरळमधील पीरमेड येथे जन्मलेल्या अण्णा मणी (१९१८-२००१) यांनी इंग्लंडमध्ये हवामान-उपकरणांचा अभ्यास केला व १९४८ साली त्या पुण्यातील विभागात रुजू झाल्या. एस. पी. वेंकटेश्वरन यांच्या नेतृत्वाखाली तेथे स्वदेशी निर्मितीचे काम सुरू होते. पुढे त्या विभागप्रमुख झाल्या. त्यांच्या काळात सुमारे १०० उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून त्यांचे उत्पादन सुरू करण्यात आले. एकदा आराखडा निश्चित झाला, की कोणत्याही ठिकाणचे उपकरण एकाच मापाचे राहते आणि दोन गावांच्या आकड्यांची तुलना करता येते. १९७६ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी बंगळूरला वारा व सौरऊर्जा मोजणाऱ्या उपकरणांची छोटी कार्यशाळा काढली.

प्रमाणीकरणाचे महत्त्व

पर्जन्यमापक दिसायला साधा असतो : नरसाळे, खाली बाटली आणि मोजपात्र. तथापि त्याचे गणित काटेकोर आहे. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकात १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० घन सेंटिमीटर पाणी. त्यामुळे २ लिटरची बाटली १०० मिलिमीटर पावसातच भरते. घाटमाथ्यावर एका दिवसात याहून अधिक पाऊस पडू शकतो. तेथे १०० चौरस सेंटिमीटरचे तोंड व ४ लिटरची बाटली घेतल्यास ४०० मिलिमीटरपर्यंत मोजणी होते. मात्र अशा मापकाबरोबर चुकून २०० चौरस सेंटिमीटरच्या मापकाचे मोजपात्र वापरले, तर प्रत्यक्षातील २०० मिलिमीटर पाऊस वहीत १०० म्हणून नोंदला जाईल. ही चूक नंतर केवळ वही पाहून लक्षात येणे कठीण असते.

बदलते स्वरूप

१२ जुलै १९६१ रोजी वेल्हे तालुक्यातील पानशेत धरण फुटले आणि पुण्यात महापूर आला. बांधकाम अपुरे असताना पावसाळ्यात धरण भरल्याने ही आपत्ती ओढवली. पाणलोट क्षेत्रातील पाऊस वेळीच व अचूक कळण्याची गरज अशा प्रसंगी अधोरेखित होते. अलीकडे शासनाच्या ‘महावेध’ प्रकल्पात खासगी कंपनीच्या सहभागातून राज्यभर २,००० हून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. महसूल मंडळनिहाय मिळणारी ही माहिती पीक विम्याच्या कामी येते. परंतु भोर-वेल्ह्यासारख्या डोंगराळ भागात घाटमाथ्यावरील व काही मैल पूर्वेकडील पावसात मोठी तफावत असते. त्यामुळे एका केंद्राचा आकडा सर्व गावांना लागू करताना मर्यादा येतात.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, उपकरणनिर्मिती म्हणजे केवळ वस्तूचे उत्पादन नव्हे. आराखडा, तपासणी आणि देखभाल ही तिची तीन अंगे आहेत. केंद्रांची संख्या वाढली तरी या तिन्हींकडे दुर्लक्ष झाल्यास आकडे मिळतील, पण त्यांवर भरवसा ठेवता येणार नाही. आणि त्याचे मोल घाटमाथ्यावरील भातशेतकऱ्यापासून कालव्याच्या टोकाच्या बागायतदारापर्यंत सर्वांना द्यावे लागेल.