दोन फेऱ्या पुढे

१ डिसेंबर १९६३ चा दिवस. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, जॅक्सनव्हिल येथे, अर्ध्या मैलाच्या मातीच्या धावपट्टीवर मोटारींची दोनशे फेऱ्यांची शर्यत चालू होती. रिचर्ड पेटी या नामांकित चालकाची गाडी कुरकुरू लागली आणि पंचवीस फेऱ्या उरल्या असताना वेंडेल स्कॉट हा कृष्णवर्णीय चालक त्याला मागे टाकून पुढे गेला. त्याने दोनशे फेऱ्या पुऱ्या केल्या. पण समाप्तीचे निशाण काही फडकेना! तो आणखी दोन फेऱ्या धावला. निशाण पडले ते बक बेकर या गौरवर्णीय चालकापुढे. बेकरने चषक घेतला. प्रेक्षक पांगल्यावर, काही तासांनी, पंचांनी मोजणीतील चूक मान्य केली. स्कॉटच्या हाती एक हजार डॉलर पडले. चषक मात्र केव्हाच निघून गेला होता. विजेत्या चालकाचे चुंबन घेण्याचा मान तेथे एका गोऱ्या सुंदरीचा असे. तेवढे टाळण्यासाठीच हा घोळ घातला गेला, असे स्कॉटला वाटे. पुढे निघालेल्या दोनशे एकाव्या आणि दोनशे दोनाव्या फेऱ्या कोणाच्याच नजरेस पडू नयेत, हे मलाही पटत नाही.

हा स्कॉट व्हर्जिनियातील डॅनव्हिलचा. महायुद्धात लष्करी गाड्या दुरुस्त केल्या, पुढे टॅक्सी हाकली, आणि रात्री चोरून हातभट्टीची दारूही वाहिली. यात आश्चर्य नाही. दक्षिणेतील ही शर्यतच मुळी पोलिसांना हुलकावणी देणाऱ्या दारूवाल्यांच्या गाड्यांतून वाढली. १९५२ साली गर्दी जमविण्यासाठी आयोजकांना एक कृष्णवर्णीय चालक हवा होता. त्यांनी चौकशी केली ती पोलिसांकडे, आणि पोलिसांनी ज्याचा पाठलाग करून ते थकले होते त्याचेच नाव सांगितले!

१९६१ पासून स्कॉट 'नॅस्कार' संस्थेच्या सर्वोच्च स्पर्धांत उतरू लागला. मोठ्या कारखान्याचा आधार नाही; गाडी दुसऱ्याने वापरलेली, आणि मदतीला घरची मुले. जॅक्सनव्हिलला धावलेली शेव्हरोलेही नेड जॅरेट या चालकाकडून विकत घेतलेली होती. अशा तुटपुंज्या सामग्रीवर तो ४९५ शर्यती धावला, आणि त्यांपैकी १४७ मध्ये पहिल्या दहांत आला. विजय तो एकच. १९७३ मध्ये टॅलाडेगाच्या भीषण अपघातात त्याची हाडे मोडली आणि कारकीर्द जवळजवळ तेथेच संपली. १९९० साली तो वारला.

'नॅस्कार'ने त्याला आपल्या सन्मानित चालकांच्या मालिकेत बसविले ते २०१५ मध्ये, आणि विजयाचा चषक कुटुंबीयांच्या हाती दिला तो ऑगस्ट २०२१ मध्ये. त्यानंतर काही आठवड्यांनीच, ४ ऑक्टोबरला, पावसामुळे मध्येच थांबविलेली एक शर्यत बबा वॉलेसने जिंकली. स्कॉटनंतर सर्वोच्च श्रेणीत जिंकणारा तो पहिलाच कृष्णवर्णीय. ते स्थळही टॅलाडेगाच होते.