उंब्रज ते कोल्हापूर : खेळाडूंच्या स्थलांतराची वाट

उंब्रज : कराड तालुक्यात तारळी व कृष्णा नद्यांच्या संगमावर वसलेल्या उंब्रज परिसरातील गुणी खेळाडूला बारावीनंतर एक प्रश्न हमखास पडतो. जवळच्या लहान महाविद्यालयातच राहावे, की कराड, सातारा, कोल्हापूर वा पुण्याची वाट धरावी? स्वतंत्र प्रशिक्षक, मॅट, धावपट्टी, वसतिगृह आणि सरावाला तोडीचे जोडीदार मोठ्या ठिकाणी मिळतात. तथापि, घरापासून दूर राहण्याचा खर्च व अभ्यासाची ओढाताणही त्यासोबत येते.

खाशाबांचे उदाहरण

ही वाट जुनी आहे. कराडजवळच्या गोळेश्वर येथील खाशाबा जाधव यांचे शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना सहावे स्थान मिळाले, तर १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक पटकावून ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते ठरले. हेलसिंकीच्या खर्चासाठी प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. मोठ्या महाविद्यालयाचे खरे मोल अशा पाठबळात असते.

प्रबोधिनीचा पर्याय

महाविद्यालयाची वाट न पाहता शालेय वयातच स्थलांतर करण्याचा मार्ग राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी योजनेने १९९६ पासून खुला केला. निवड झालेल्या मुलांच्या निवास, शिक्षण व प्रशिक्षणाची सोय तेथे होते. फलटण तालुक्यातील सरडे गावचे तिरंदाज प्रवीण जाधव याच मार्गाने घडले. अमरावतीच्या प्रबोधिनीत प्रशिक्षण घेऊन ते पुढे सैन्यदलात गेले. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत भारतीय संघासोबत त्यांनी रौप्यपदक मिळवले. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्येही ते खेळले.

विद्यापीठाची सीमा

आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळाडू आपल्या महाविद्यालयाच्या विद्यापीठाचे प्रतिनिधित्व करतो. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचे कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे आहेत. त्यामुळे कराडहून कोल्हापूरला गेलेल्या खेळाडूचे विद्यापीठ सहसा बदलत नाही. पुण्याला गेल्यास मात्र बदलते. साताऱ्यातही २०२१ मध्ये स्थापन झालेले कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्वतंत्र असल्याने त्याच्या घटक महाविद्यालयांची चौकशी आधी करावी. विद्यापीठ बदलताना महाविद्यालय सोडल्याच्या दाखल्याबरोबर स्थलांतर प्रमाणपत्रही लागते.

अमेरिकेत अशा खेळाडूंची नोंद ठेवणारी संगणकीय यंत्रणा २०१८ मध्ये सुरू झाली. २०२१ पासून एकदा आणि २०२४ पासून शैक्षणिक अटी पूर्ण केल्यास कितीही वेळा महाविद्यालय बदलून लगेच खेळण्याची मुभा तेथे मिळाली. आपल्याकडे पात्रतेचे नियम वेगळे असल्याने वर्षाच्या मध्येच महाविद्यालय बदलण्यापूर्वी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडून खात्री करून घेणे हिताचे.

लहान महाविद्यालयाचा वाटा

खेळाडू गेला की पदकाचे श्रेय मोठ्या संस्थेच्या नावावर जाते. त्याला प्रथम हेरणारे गावचे क्रीडाशिक्षक मागे राहतात. सरावाचे साहित्य व पूर्णवेळ प्रशिक्षक तालुक्याच्या ठिकाणीच उपलब्ध झाले, तर अनेकांना गाव सोडण्याची घाई करावी लागणार नाही. तोवर पालकांनी महाविद्यालयाच्या नावापेक्षा तेथील प्रशिक्षक, वसतिगृह, आहाराचा खर्च आणि दुखापत झाल्यास शिक्षण सुरू राहण्याची हमी या चार गोष्टी पारखून निर्णय घ्यावा.