निरोपांची रांग

मध्य रेल्वेच्या मार्गावर खर्डी आणि कसारा यांच्या मध्ये उंबरमाळी हे एक लहानसे स्थानक आहे. आमचे घर त्याच गावचे. लांब पल्ल्याच्या गाड्या इथे थांबल्याच, तर पुढची वाट मोकळी नाही म्हणून थांबतात. लहानपणी रात्री अंथरुणात पडल्यापडल्या मालगाडीचे असे थांबणे मी पुष्कळ ऐकले आहे. आधी डब्यांवर डबे आदळत गेल्याचा खडखडाट, मग शांतता, आणि बऱ्याच वेळाने इंजिनाची एक लांब शिटी. पुढे आयुष्याची तीस वर्षे ज्या कामावर माझे पोट चालले, तेही रांगेवर नजर ठेवण्याचेच काम होते. मात्र ती रांग निरोपांची होती आणि एका बँकेच्या मेनफ्रेम संगणकाच्या पोटात उभी असे. दिवाळीच्या अंकात असला विषय पाहून वाचकांना नवल वाटेल. पण या दोन रांगांचा इतिहास मुळात एकच आहे, अशी माझी समजूत होऊन बसली आहे, आणि ती होण्यास माझ्या हातून घडलेली एक चूक कारण झाली आहे.

दळणवळणाचा इतिहास आपण बहुधा वेगाचा इतिहास म्हणून वाचतो. हरकाऱ्यापेक्षा आगगाडी वेगवान, आगगाडीपेक्षा तार वेगवान, आणि तारेपेक्षा संगणक. हे खरेच आहे. परंतु निरोप किती वेगाने निघाला यापेक्षा तो पोचला हे कुणाला आणि कसे कळले, हा प्रश्न अधिक जुना आहे, आणि माणसांचे जीव बहुतेक वेळा त्याच प्रश्नावर अवलंबून राहिले आहेत.

आमच्या मुलखात आगगाडी आली ती टप्प्याटप्प्याने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली गाडी ठाण्यापर्यंतच गेली. कसाऱ्यापर्यंत रूळ पोचायला १ जानेवारी १८६१ उजाडला. तेथून वर इगतपुरीपर्यंतचा थळघाट चढायला आणखी चार वर्षे लागली. तो १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. या घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. भरलेली गाडी स्वतःच्या बळावर तो चढू शकत नाही, म्हणून कसाऱ्याला तिच्या पाठीमागे जास्तीची इंजिने जोडतात. जोडायला वेळ लागतो, तोवर मागची गाडी खोळंबते आणि तिच्यामागची उंबरमाळीच्या माळावर उभी राहते. आमच्या गावाला रांगेची ओळख झाली ती अशी.

मागची गाडी केव्हा सोडावी, याचे आरंभीच्या काळातले गणित मिनिटांचे होते. पहिली सुटली की ठरावीक मिनिटे मोजायची आणि दुसरी सोडायची. पहिली वाटेत बंद पडली असेल तर काय, याचे उत्तर या गणितात नव्हते. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा गावाजवळ ते उत्तर फार महाग पडले. सहलीला निघालेल्या मुलामाणसांची एक गाडी चढावर अडली. तिचे मागचे डबे सोडवून ठेवले होते, ते उतारावरून मागे घसरत गेले आणि मिनिटे मोजून सोडलेल्या दुसऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे दगावली. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून प्रवासी गाड्यांच्या मार्गांवर ‘ब्लॉक’ पद्धत सक्तीची केली. या पद्धतीत वेळ मोजत नाहीत, जागा मोजतात. दोन ठाण्यांमधल्या रुळांवर एका वेळी एकच गाडी. आणि पुढच्या ठाण्याने ती पोचल्याचे कळवल्याशिवाय मागची सुटायची नाही.

माझे वडील, अण्णा, खर्डीला सहायक स्टेशनमास्तर होते. त्यांच्या टेबलाशेजारी ब्लॉकचे यंत्र असे. त्याच्या काट्याला तीनच जागा ठाऊक होत्या : वाट बंद, वाट मोकळी आणि वाटेवर गाडी. शेजारच्या ठाण्याशी घंटेच्या ठोक्यांनी बोलणे चाले, आणि प्रत्येक ठोक्याची वेळ वहीत लिहिली जाई. गाडी समोरून धडधडत गेली तरी अण्णा लगेच ‘पोचली’ म्हणून कळवत नसत. शेवटच्या डब्यावरची खूण, रात्री असेल तर मागचा तांबडा दिवा, डोळ्यांनी पाहायचा आणि मगच घंटा द्यायची. मी एकदा विचारले, “अण्णा, गाडी तर गेली, आता कसली वाट पाहता?” ते म्हणाले, “अरे, इंजिन गेलं. गाडी गेली की नाही, ते शेपूट सांगतं.”

आता संगणकाकडे वळतो. बँकेच्या शाखेत कारकून पैसे जमा करून घेतो, तेव्हा त्याच्या यंत्रातून एक निरोप मुख्य संगणकाकडे निघतो. पूर्वी दोन्ही यंत्रे एकाच क्षणी जागी असावी लागत. १९९३ साली आयबीएम कंपनीने ‘एमक्यूसिरीज’ नावाची आज्ञावली बाजारात आणली आणि ही अट सुटली. निरोप रांगेत टाकायचा आणि आपल्या कामाला लागायचे. घेणाऱ्याने सवडीने तो उचलायचा. मधल्या काळात यंत्र तो जपून ठेवते, वीज गेली तरी हरवू देत नाही. मांडणी उत्तमच होती. पण तिच्यात एक खोच होती. धाडणाऱ्याला वाटते आपले काम झाले, घेणाऱ्याला वाटते आपल्याकडे काही आलेले नाही, आणि निरोप बिचारा मध्येच उभा.

म्हणून रांगेवर पहारा बसवावा लागतो. चोवीस तास माणूस बसवणे परवडत नाही, तेव्हा स्वयंचालनाची दुसरी एक आज्ञावली तेथे नेमतात आणि रांग किती लांब झाली म्हणजे हाक मारायची, हे तिला आकड्यांत सांगून ठेवतात. ते आकडे ठरवणे हे माझे काम. कारखान्यातून येताना मेनफ्रेमवरच्या रांगेची कमाल मर्यादा ९९,९९,९९,९९९ निरोप अशी लिहिलेली असते आणि इशाऱ्याची रेषा तिच्या ८० टक्क्यांवर. म्हणजे जवळजवळ ८० कोटी निरोप तुंबेपर्यंत पहारेकऱ्याने गप्प राहायचे! शिवाय हा इशारा मुळात बंदच ठेवलेला असतो. तो आपण आठवणीने चालू करायचा. आणि एकदा दिलेला इशारा, रांग खालच्या रेषेपर्यंत ओसरल्याशिवाय, यंत्र पुन्हा देत नाही. पहिल्या हाकेला ऑपरेटर चहाला गेला असेल, तर दुसरी हाक नाही.

या सगळ्या खाचाखोचा मला पाठ होत्या. मी इशारा चालू केला, रेषा ५०० वर आणली आणि निश्चिंत झालो. २००६ सालच्या एका संध्याकाळी रांगेतले निरोप उचलणारा प्रोग्रॅम बंद पडला. शाखा मिटायच्या वेळेला आल्या होत्या. त्यानंतर रांगेत आले ते अवघे अकरा निरोप. अकरा ही संख्या ५०० पेक्षा फार लहान, तेव्हा पहारेकरी रात्रभर बोलला नाही, आणि त्याने बोलू नये असे मीच त्याला सांगितले होते. त्या अकरांतला एक निरोप एका गृहस्थांच्या पैशांचा होता. दुसऱ्या गावी पत्नीची शस्त्रक्रिया व्हायची होती, तिथल्या अनामतीसाठी ते पैसे भरलेले. सकाळी त्यांच्या हातात बँकेच्या शिक्क्याची पोच होती आणि खात्यात पैसे नव्हते. दुपारी चूक सापडली, पैसे जमा झाले. पण शस्त्रक्रिया एक दिवस पुढे गेली. बाई पुढे बऱ्या झाल्या, असे शाखेतून कळले. त्या कळण्याने माझे समाधान झाले नाही.

त्या शनिवारी मी उंबरमाळीला गेलो आणि अण्णांना सारे सांगितले. संगणकातले त्यांना काही समजत नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, “किती उभे आहेत हे तू मोजत होतास?” मी हो म्हटले. “आणि पहिला कधीपासून उभा आहे, हे?” ते मी मोजत नव्हतो. “पुढचं ठाणं जागं आहे का, हे तरी?” तेही नाही. अण्णा म्हणाले, “मग तुझ्याकडे वही होती, घंटा नव्हती.”

सोमवारी जाऊन मी आज्ञावलीत तीन गोष्टी नव्याने लिहिल्या. सर्वांत जुना निरोप किती मिनिटे थांबला आहे, ते पाहायचे. रांगेतून उचलणारा कुणी तिला जोडलेला आहे की नाही, ते पाहायचे. नसेल तर निरोप एक असला तरी हाक मारायची. आणि माणसाने ‘ऐकले’ असे उत्तर देईपर्यंत दर दहा मिनिटांनी हाक मारीत राहायचे. यात नवे शोधलेले काही नव्हते. या सगळ्याची सोय यंत्रात आधीपासून होती. खर्डीच्या त्या टेबलावर तर माझ्या जन्मापूर्वीपासून होती.

त्यानंतर काळ पुष्कळ पुढे गेला. १८५५ साली सर्वसामान्यांसाठी खुली झालेली तारसेवा १४ जुलै २०१३ रोजी बंद झाली. रिझर्व्ह बँकेने २६ मार्च २००४ रोजी सुरू केलेली, मोठ्या रकमा तत्काळ पोचवणारी आरटीजीएस व्यवस्था १४ डिसेंबर २०२० पासून रात्रंदिवस चालते. आता शाखा मिटण्याची वेळ निरोपांना आडवी येत नाही. पण तिथेही धाडणाऱ्या बँकेच्या खात्यात पुरेसे पैसे नसले की निरोप रांगेत उभा राहतोच. वेग वाढला म्हणून थांबणे संपलेले नाही. ते दिसेनासे मात्र झाले आहे. उंबरमाळीच्या माळावर उभी राहिलेली मालगाडी साऱ्या गावाला ऐकू येई. संगणकातला निरोप उभा राहिला तर कुणाच्याही कानावर काही पडत नाही.

अण्णा आता नाहीत. दिवाळीला मी अजून गावी जातो. रात्री मालगाडी थांबल्याचा खडखडाट झाला की उशाचे घड्याळ पाहण्याची सवय मला जडली आहे. शिटी होईपर्यंत मला झोप लागत नाही.