डीव्हीडीने तारलं, ब्लू-रेने दमवलं

सोनीने एकच डाव दोनदा खेळला. मार्च २००० मध्ये जपानात प्लेस्टेशन २ आलं, किंमत ३९,८०० येन. त्यावर डीव्हीडीही चालायची आणि तेव्हा नुसते डीव्हीडी प्लेअरच महाग होते. म्हणून गेमशी देणंघेणं नसलेल्यांनीही ते घेतलं. पुढे ते १५ कोटींहून जास्त विकलं गेलं.

२००६ मध्ये प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रे घातलं. अमेरिकेत किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. पण लोक डीव्हीडीवर खूश होते. ब्लू-रे मागितलं होतं कुणी? त्याच महिन्यात निन्टेंडोचं वी २४९ डॉलरला आलं. त्यावर साधा डीव्हीडी सिनेमासुद्धा लागायचा नाही! तरी ते १० कोटींच्या वर गेलं, पीएस३ मागे राहिलं. ब्लू-रेने २००८ मध्ये तोशिबाच्या एचडी डीव्हीडीला हरवलं खरं, पण त्या विजयाचं बिल सोनीच्या गेम विभागाने भरलं.

'सगळं एकाच डब्यात' हा हट्ट मला ऑफिसातल्या मीटिंगांमुळे चांगलाच ओळखीचा आहे. मायक्रोसॉफ्टने तो २०१३ मध्ये धरला: एक्सबॉक्स वनच्या अनावरणात टीव्हीचंच कौतुक, सोबत सक्तीचा किनेक्ट कॅमेरा, किंमत ४९९ डॉलर. पीएस४ होतं ३९९ ला. वर्षाच्या आत किनेक्टविना एक्सबॉक्सही ३९९ ला विकायला आला.