रात्रीचा फोर्ट

मुंबईच्या ज्या भागाला फोर्ट म्हणतात, तिथे खरंच किल्ला होता. अपोलो गेट, चर्चगेट, बाजारगेट हे त्याचे दरवाजे. रात्री ते बंद होत. आत लोक राहत, व्यापारही करत. १८६० नंतरच्या काही वर्षांत, गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात तट पाडला. चर्चगेट आता स्टेशनाच्या नावातच उरलंय.

पुढे तिथे बँका, कचेऱ्या वाढल्या. म्हणून संध्याकाळी लोकल भरून माणसं गेली की गल्ल्या ओस पडतात. जवळच्या भुलेश्वर-गिरगावात मात्र खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. तिथे रात्रीही जाग असते.

आम्हा बायकांसाठी कायद्याचाही दरवाजा होता. १९४८ च्या कारखाने कायद्यात आमची पाळी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ यातच होती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं बाईची संमती आणि सुरक्षेची सोय असेल तर रात्री साडेनऊनंतरही काम करता येतं.

दरवाजा उघडला, पण रस्ता ओस असेल तर? लेक शहरात नोकरीला निघाली की आम्ही पगार विचारतोच. सुटल्यावर वाटेत दिवा, गाडी आणि माणसांची जाग असते का, हेही विचारू या.